वाघबारशीपर्यंतचे गुरुवार

श्रावणातल्या एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या जरा आधी, बिबट्याने माझ्या थोरल्या भावाच्या अंगणातून शेळी नेली. शेळीचा दोर भावाच्या धाकट्या मुलीच्या हातात होता. दोर ओढला गेला तेव्हा तिच्या तळहातांची सालटी निघाली. बाकी तिला काही इजा झाली नाही. मुलगी आठ वर्षांची, गावच्या शाळेत तिसरीत शिकणारी. त्या संध्याकाळपासून तिचे बोलणे बंद झाले.

गाव डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात आहे. माझा जन्म तिथलाच. काही वर्षे पुण्यात एका वर्तमानपत्रात काम केले, आता घोडेगावात राहतो. ती संध्याकाळ मी पाहिलेली नाही. पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे पाहिलेले आहे. जे ऐकीव आहे, ते घरातल्या दोघांनी तरी सारखेच सांगितले असेल तरच घेतले आहे.

घरात भाऊ, वहिनी, माझे वडील आणि ही मुलगी. थोरली दोन मुले आश्रमशाळेत राहतात. शेती भाताची, वरच्या उताराला नाचणी आणि वरई. भात निघाले की भाऊ आणि वहिनी नारायणगावच्या बाजूला द्राक्षबागेत कामाला जातात ते शिमग्यालाच परततात. तेवढे महिने मुलगी आजोबांजवळ राहते आणि शाळेत जाते. दरवर्षीचा हा क्रम होता. या वर्षी तो मोडणार असे दिसू लागले. मुलगी आईचा पदर सोडेना. वहिनी विहिरीवर गेली की ही मागे, खाचरात गेली की ही बांधावर. शाळेत जाऊन बसायची, पण आई व्हरांड्यात दिसत असेल तरच. दिवाळीनंतर तिला सोबत न्यायचे म्हटले तर शाळा बुडणार होती, आणि बाग उसाच्या पट्ट्यात होती. तिकडे बिबटे डोंगरापेक्षा जास्त. वहिनीने घरी थांबायचे तर हंगाम जाणार होता.

भावाने आधी तिला घोडेगावच्या दवाखान्यात आणले. मी सोबत होतो. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, जीभ बाहेर काढायला सांगितली. तिने काढली. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही, भीती बसली आहे. एका संस्थेच्या समुपदेशक बाई दर गुरुवारी धरणाच्या वरच्या गावांत मुलांसाठी येतात, त्यांच्याकडे न्या, असेही त्यांनी सांगितले.

गावी परतताना भावाने शिनोलीच्या पुढे गाडी थांबवली आणि आडवाटेच्या एका वस्तीवर भगताकडे मुलीला नेले. भगताने अंगारा लावला आणि मनगटात काळा दोरा बांधला. भाऊ मला म्हणाला, "दोन्हीकडनं औशीद चालू ठिवू. कशानं गुन आला ते मागनं बघू."

समुपदेशक बाईंना सगळे ताई म्हणत. त्या खालच्या सपाटीवरच्या पेठ गावच्या. समाजमंदिरात सतरंजी टाकून बसत. सोबतच्या पिशवीत शाडूची माती, रंग आणि कापडी बाहुल्या. गावातली आशाताई मुले गोळा करून आणी. झोपेत अंथरूण ओले करणारा एक मुलगा येई. वडील पिऊन आले की माळ्यावर जाऊन बसणारी दोन भावंडे येत. काही नुसतीच मातीशी खेळायला येत आणि ताई त्यांनाही हाकलत नसत. मुलांचा तास झाला की त्या आयांशी बोलायला बसत. गावाने या कामाला अजून पक्के नाव दिलेले नव्हते, पण कच्ची नावे बरीच होती.

पहिल्या गुरुवारी समाजमंदिराच्या पायरीवर बसलेल्या एकाने भावाला विचारले, "का रं, येड्यांच्या डाक्टरकडं चाललायस व्हय?"

"व्हय," भाऊ म्हणाला. "तुझा नंबर लावू का?"

पायरीवरचे बाकीचे हसले. विचारणाराही हसला.

ताईंनी मुलीला काहीच विचारले नाही. मातीचा गोळा तिच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः दुसऱ्या गोळ्याची चूल करत बसल्या. मनगटातला दोरा त्यांनी पाहिला. वहिनी तो पदराआड झाकायला लागली, तर म्हणाल्या, "राहू द्या, त्याने काही बिघडत नाही." निघताना त्यांनी घरच्यांना एक काम सांगितले.

"आठवडाभर हिला कुणीही 'बोल' म्हणायचं नाही."

वहिनी म्हणाली, "मग काय गप बसू द्यायचं पोरीला?"

"तिला बसू द्या गप. तुम्ही बोला. रात्री जेवताना प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, आज मला कशाची भीती वाटली. खरी सांगायची."

घरच्यांना बोला म्हणण्यामागे कारण होते. शेळी गेल्यापासून सगळे घरच गप झाले होते. शेजारपाजारचे कुणी आले आणि त्या संध्याकाळचा विषय निघाला की वडील हात वर करून थांबवत. टीव्हीवर कुठल्या गावात बिबट्या दिसल्याची बातमी लागली की भाऊ तो बंद करी. मुलीला त्रास होऊ नये म्हणून हे सगळे चालले होते.

त्या रात्री जेवताना भाऊ म्हणाला, "मला आज ग्रामसेवकाची भीती वाटली. घरपट्टी मागतो का काय म्हनून मी मारुतीच्या मागनं आलो."

वहिनी म्हणाली, "मला तुमच्या गाडीच्या ब्रेकाची वाटली."

मुलीने ताटात पाहूनच हसू दाबले. वहिनीने ते पाहिले. वडिलांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "मला कशाची बी वाटत न्हाई," आणि हात धुवायला उठले.

वडील पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. काटक, कमी बोलणारे. गावातली गुरे सांभाळण्यात त्यांचे निम्मे आयुष्य गेले. गुरुवारच्या तासाबद्दल त्यांचे मत विचारले तर ते म्हणत, "माती खेळायला पेठवरनं माणूस आणायचं म्हंजे नवलच हाय." पण गुरुवारी सकाळी ते मुलीला अंघोळीचे पाणी तापवून ठेवत.

ताई शाळेतही जाऊन आल्या. गुरुजी हजेरी घेताना मुलीचे नाव वगळू लागले होते, तिला अवघडायला नको म्हणून. ताईंनी त्यांना नाव घ्यायला सांगितले आणि तिने नुसता हात वर केला तरी ती हजेरी धरायला सांगितली. गुरुजींनी तसे केले. मुलगी हात वर करू लागली. त्यापलीकडे भाद्रपद संपेपर्यंत काही बदलले नाही.

मातीचे काम मात्र चालू होते. दर गुरुवारी ती तेच करी. घर, गोठा, दावणीचा खुंटा, शेळी, शेळीजवळ स्वतः, ओट्यावर पटका बांधलेले आजोबा. सगळे नीट, पटक्याच्या वळ्यासुद्धा. अंगणाच्या कडेला, जिकडून बिबट्या आला होता, तिथे ती काही ठेवत नसे. तिथल्या मातीत अंगठा दाबून खळगा करी. तो झाला की हात पुसून आईकडे जाऊन बसे.

आश्विन लागल्यावर एका गुरुवारी ताईंनी घरातल्या सगळ्यांना थांबवून घेतले. मी त्या दिवशी गावात होतो. मुलगी बाहेर आशाताईबरोबर बसली होती. ताईंनी खळगा दाखवला आणि विचारले, "याला घरात काय म्हणता तुम्ही?"

वडील म्हणाले, "जनावर."

"अजून काही?"

"नाव घेत न्हाईत त्याचं. तिन्हीसांजेला तर न्हाईच न्हाई. नाव काढलं की येतं."

"त्या दिवशी कुणी काढलं होतं?"

वडिलांनी पटका सारखा केला. "पोरीनंच काढलं व्हतं," ते म्हणाले. "शेळी चालंना. तर ही तिला म्हनली, चल लवकर, न्हाईतर वाघ येईल. मी वट्यावरनं दटावलं. म्हनलं, नाव काढू नको, येतं ते. आन् तेवढ्यात आलं की वो."

हे त्यांनी आधी कुणालाच सांगितले नव्हते. लपवले असे नाही. त्यांच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखे काही नव्हते. नियम होता, तो मोडला, जनावर आले.

ताई म्हणाल्या, "तिला वाटतंय, मी बोलले म्हणून ते आलं. तोंड उघडलं तर परत येईल. आणि तेव्हापासून घरातही कुणी नाव घेत नाही. मग तिला ते खरंच वाटणार."

भाऊ म्हणाला, "आमी तिच्यासाठीच गप व्हतो, ताई."

"माहीत आहे मला. तुमच्या जागी कुणीही तेच केलं असतं."

वडील म्हणाले, "मंग काय आता, मोठमोठ्यानं वाघ वाघ करत हिंडायचं?"

"नाही आजोबा. तुमची रीत मोडायला मी सांगत नाही. मला एवढंच सांगा, त्याचं नाव घेतलेलं कधी चालतं?"

भाऊ आणि वडील एकदमच म्हणाले, "वाघबारशीला."

वाघबारस म्हणजे वसुबारसेचा दिवस; वाघात इकडे बिबट्याही आला. डोंगरातल्या गावांत त्या दिवशी शिवेवरच्या वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावतात, नारळ फोडतात. घराघरातून दूध, तांदूळ, गूळ गोळा होतो आणि तिथेच मोठ्या पातेल्यात खीर शिजते. मग गुराख्यांपैकी एकजण वाघ होतो, कुणी अस्वल, कुणी कोल्हा. बाकीचे काठ्या घेऊन त्यांना पळवत नेतात आणि विचारत राहतात, आमच्या शिवारात येशील का? वाघ झालेला 'नाय, नाय' म्हणत पळतो. त्याच्याकडून तसे वदवून घेतल्याशिवाय खीर वाढत नाहीत. त्या दुपारी वाघाचे नाव जेवढे घ्याल तेवढे चांगले, असे मानतात.

ताईंना हे ठाऊक नव्हते. पेठच्या बाजूला बिबट्या म्हणजे ऊस, पिंजरा आणि बॅटरी. त्यांनी बरेच प्रश्न विचारले. वाघ कोण होतो, अंगावर काय घेतो, ओरडतो का, मुली जातात का. मुली जातात, पण कडेला उभ्या राहतात, असे वहिनीने सांगितले. मग ताई म्हणाल्या, हिला तिथे न्यावे असे वाटते, पण गुण येईलच असे सांगता येत नाही. एकदम नेले तर भीती वाढेलही. जे होणार आहे ते सगळे तिला आधी दाखवायचे, आणि नको म्हणाली तर लगेच घरी आणायचे.

घरी येताना वाटेत वडील म्हणाले, "या वर्साला वाघ मी व्हतो."

वहिनी थांबली. "तुमी? गुडघं धरत्यात तुमचं, मामंजी."

"धरू द्या. मीच गप केली तिला. दुसऱ्या वाघाचं ती कशाला ऐकंल?"

दुसऱ्या दिवसापासून रंगीत तालीम सुरू झाली. दुपारी जेवणे झाली की वडील घोंगडी पांघरून घरात दोन हातांवर आणि गुडघ्यांवर चालत. ऊन असताना, दार उघडे ठेवून, असे ताईंनी सांगितले होते. आपण काय करतो आहोत ते ते करता करता सांगत. "ही घोंगडी आजाचीच हाय. हे हात आजाचंच हायेत. आता वाघ झालो." पहिल्या दिवशी मुलगी उठून मागच्या परड्यात गेली. पुढे आईच्या मागे उभी राहून पाहू लागली. एका दुपारी घोंगडी घसरली, तर पुढे येऊन तिने ती पाठीवर नीट केली आणि परत जागेवर गेली.

शेजारच्या म्हाताऱ्याने हे दारातून पाहिले. "अरं, वाघाला दात तरी बसवा," तो म्हणाला.

"तू ये की जवळ," वडील घोंगडीतून म्हणाले. "हिरड्यांनी खातो तुला."

वाघबारशीच्या आदल्या गुरुवारी ताई मुलीला आणि वहिनीला घेऊन शिवेवर गेल्या. दगड पाहिला, चूल मांडायची जागा पाहिली, वाघ कुठून निघणार आणि कुठवर पळणार ते पाहिले. मुलगी त्या वाटेने एकदा आईचा हात धरून चालून आली.

वाघबारशीला ऊन चांगले होते. भात पिवळे पडले होते, खालच्या खाचरांत काहींनी कापायला घेतले होते. शिवेवर निम्मे गाव जमले. मी होतो. ताई संस्थेच्या गाडीने आल्या आणि बायकांमध्ये बसल्या. दगडाला शेंदूर लागला, नारळ फुटला, खीर चुलीवर चढली. अस्वल आणि कोल्हा झालेली पोरे आधी सुटली आणि ओरडाआरडा होऊन शिवेपार गेली. मग वडील घोंगडी घेऊन दगडामागून निघाले.

"म्हातारा वाघ हाय, दमानं पळवा," कुणीतरी म्हणाले.

काठ्या घेतलेली पोरे मागे लागली. "वाघा, आमच्या शिवारात येशील का?" वडील दहा-बारा हात चालले आणि बायकांच्या घोळक्यासमोर थांबले. मुलगी तिथे आईजवळ उभी होती. हातात काठी होती, ती भावाने दिली होती. पोरांनी पुन्हा विचारले. वाघ बोलेना आणि हलेना.

"काय रं, अडकला का?"

"गुडघा धरला वाटतं."

वडील मान खाली घालून तसेच राहिले. पुढे ते म्हणाले की गुडघा खरोखर धरला होता, पण थांबले ते त्यासाठी नाही. मुलीने आईकडे पाहिले, मग ताईंकडे. ताईंनी काही खूण केली नाही. मुलगी दोन पावले पुढे आली आणि तिने काठी आजोबांच्या पाठीवर मारली. चांगली जोरात मारली. आवाज सगळ्यांनी ऐकला.

वडील म्हणाले, "नाय येनार. तुझ्या शिवारात न्हाई येनार." आणि जमेल तेवढ्या वेगाने शिवेपार निघाले. मुलगी काठी घेऊन मागे पळाली. पोरे मागे पळाली. शिवेपलीकडे पोचल्यावर वडिलांनी घोंगडी काढून खांद्यावर टाकली आणि उठून उभे राहायला भावाचा हात मागितला.

तिथे ती बोलली नाही. खीर खाल्ली, दुसऱ्यांदा घेतली, पण बोलली नाही. वहिनीच्या चेहऱ्यावर काय होते ते मी लिहीत नाही, कारण मी तिकडे पाहिले नाही. ताई म्हणाल्या, घाई नाही, आज ती वाघाच्या मागे पळाली, पुढे पळाली नाही. त्यांची गाडी उजेड असेपर्यंत धरणाखाली पोचायला हवी होती, म्हणून त्या निघाल्या.

संध्याकाळी वडील ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. वहिनी आत भाकरी थापत होती. मुलगी बाहेर आली, आजोबांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि पाठीवर हात ठेवून म्हणाली, "लागलं का?"

वडील म्हणाले, "लई न्हाई."

आत थापण्याचा आवाज थांबला आणि काही वेळाने पुन्हा सुरू झाला. ताईंनी सांगितले होते की ती बोलली तर गाजावाजा करायचा नाही. वहिनीने केला नाही. भाऊ बाहेरून आल्यावर त्याला तिने चुलीजवळ बोलावून सांगितले, तेही हळू आवाजात.

त्यानंतरचे सगळे एका रेषेत झाले नाही. ती घरात बोलू लागली, आधी आजोबांशी, मग आईशी. भाऊबिजेला आश्रमशाळेतली भावंडे आली होती, त्यांच्याशी भांडली. अंधार पडला की मात्र परत गप. शाळा उघडल्यावर वर्गात तिने हातच वर केला, आवाज नाही. ताईंनी गुरुजींना वर केलेला हातच हजेरी धरायला सांगितले. एका संध्याकाळी खालच्या वस्तीवर कुत्री भुंकली तेव्हा ती पांघरुणात शिरली आणि सकाळपर्यंत बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना वडील आपणहून म्हणाले, "काल कुत्री भुकली तवा मला भ्या वाटलं." भीतीच्या गोष्टी सांगायला लागल्यापासून त्यांनी सांगितलेली ही पहिलीच.

भात निघाले. झोडणी झाली. जायचे की थांबायचे हे ठरवायची वेळ आली. भाऊ आणि वहिनी गुरुवारी ताईंकडे बसले. ताईंनी निर्णय दिला नाही. त्यांनी मुलीलाच विचारायला सांगितले, आणि तेही एकदम नाही. आधी वहिनी एक दिवस घोडेगावला माझ्याकडे आली आणि संध्याकाळी परत गेली. मग दोन रात्री राहिली. एसटी आली नाही म्हणून खरे तर तीन झाल्या. मुलगी आजोबांजवळ राहिली. तिसऱ्या रात्री रडली, असे वडिलांनी सांगितले. सकाळी शाळेत गेली. व्हरांड्यात आई नव्हती.

वहिनी परतल्यावर भावाने मुलीला विचारले, आम्ही बागेत जाऊ का.

"शनवारी फोन करायचा," ती म्हणाली. "आन् बुधवारी बी."

ते दोघे सोमवारी नारायणगावला गेले. मी त्यांना घोडेगावातून गाडीत बसवून दिले. वहिनी खिडकीजवळ बसली. आशाताईने रोज संध्याकाळी घरी एक चक्कर मारायचे कबूल केले होते. ती मारते. ताईंचा गुरुवार चालू आहे. मुलगी आता मातीपेक्षा रंग मागते.

बुधवारी फोन झाला. मुलीने आईला सांगितले की वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलाने तिचा खोडरबर घेतला, तिने गुरुजींना तोंडाने सांगितले आणि तो परत मिळाला. गुरुजींनी हे खरे असल्याचे मला सांगितले. शनिवारच्या फोनवर ती बराच वेळ बोलली. आजोबा भाकरी जाडी करतात आणि मधे कच्ची ठेवतात, अशी तिची तक्रार होती. वहिनीने ती मला कळवली. रविवारी मी गावी गेलो तेव्हा वडिलांना विचारले. भाकरी जाडी होते, हे त्यांनी मान्य केले. कच्ची असते, हे केले नाही.